गोटेबर्ग, गॉथेनबर्ग की योतेबोरी? वडिलांच्या डायरीतल्या एका शहराचं नाव

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर इथेच लक्षात येईल. तुमचे वडील चिंचवडच्या कारखान्यातून १९७४ साली प्रशिक्षणासाठी आठ महिने स्वीडनला गेले होते. त्यांच्या तेव्हाच्या डायऱ्या तुम्ही पुस्तकरूपात छापताय, घरच्यांसाठी आणि त्यांच्या मित्रमंडळींसाठी. डायरीत त्यांनी शहराचं नाव सगळीकडे 'गोटेबर्ग' लिहिलंय. त्यांच्या जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारात 'गॉथेनबर्ग' आहे. तुमचा भाचा सध्या त्याच शहरात नोकरीला आहे आणि त्याचं म्हणणं, ही दोन्ही चूक, खरं नाव 'योतेबोरी'. शिवाय इंटरनेटवर तुम्हाला 'योहतेबोर्य' असंही दिसलं. तर यातलं बरोबर कोणतं, आणि छापताना सगळीकडे तेच एक करून टाकायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं मराठी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. त्यातली निम्म्याहून जास्त भाषांतरं, प्रवासवर्णनं आणि आठवणींची पुस्तकं आहेत, त्यामुळे परदेशी गावांची नावं रोज हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. त्या शहराचं नाव मुळात काय आहे आणि ते कुठून आलं, हा एक. तुमच्या पुस्तकातल्या कुठल्या पानावर कोण बोलतंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ठाम देता येतं. दुसरं तुमच्या पुस्तकावर अवलंबून आहे.

उच्चारापासून सुरू करते. भाचा ऐकतोय ते बरोबरच ऐकतोय. स्वीडिशमध्ये 'ग'चं अक्षर पुढे ए, इ यांसारखा स्वर आला की 'य' होतं. या नावात 'ग'च्या पुढे जो स्वर आहे तो मराठीत नाहीच. रोमन लिपीत तो 'ओ'वर दोन टिंबं देऊन लिहितात. तोंडाने 'ए' म्हणायचं आणि ओठ मात्र 'ओ' म्हणताना होतात तसे गोल ठेवायचे. आरशासमोर उभं राहून दोन-तीनदा केलंत की जमेल. या स्वराच्या आधीही 'ग'चा 'य'च होतो. नावाच्या शेवटी 'र' आणि 'ग' आहेत, तिथेही 'र'नंतरचा 'ग' पुसट 'य' होतो. जोर शेवटच्या भागावर पडतो. काही वर्षांपूर्वी एका भाषांतराच्या वेळी मी तिथे राहणाऱ्या एका बाईंना फोनवर हे नाव सावकाश म्हणायला लावलं होतं, आणि पेन्सिल हातात घेऊन रेकॉर्डिंग कितीतरी वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदा लिहिलं 'येतबोरी', मग 'यतेबॉऱ्य', मग 'योत्तेबोरि'. कागदावर सात-आठ रूपं झाली आणि प्रत्येकात काहीतरी निसटत होतं.

'योहतेबोर्य' लिहिणाऱ्याचा प्रयत्न प्रामाणिक आहे. त्याला मूळ ध्वनी जपायचा आहे. पण मराठी वाचक 'बोर्य' पाहिलं की 'शौर्य', 'धैर्य'च्या चालीवर वाचणार आणि शेवटी नसलेला 'अ' लावणार. त्यापेक्षा 'बोऱ्य' जवळचं वाटेल, कारण आपला 'ऱ्य' हलका आहे. दऱ्या आणि सूर्य एकापाठोपाठ म्हणून बघा, फरक कळेल. पण हा 'ऱ्य' मराठीत शब्दाच्या अगदी शेवटी, मोकळा असा येत नाही. 'दऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने' असा तो पुढच्या स्वराच्या आधाराने येतो. म्हणून उच्चाराच्या बाजूने जायचं असेल तर 'योतेबोरी' हेच मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. जपानी लोकांनीही असंच काहीसं केलंय: ते आपल्या लिपीत 'योतेबोरी' लिहितात, कधी 'येतेबोरी'. त्यांनाही शेवटचा तो अर्धा 'य' झेपला नाही, त्यांनी त्याची 'री' केली.

आता नाव आलं कुठून. शहर गोता नदीच्या मुखाशी आहे. (स्थानिक लोक 'योता' म्हणतात; तोच नियम.) हा शब्द दक्षिण स्वीडनमधल्या एका जुन्या लोकसमूहाच्या नावाचा आहे, स्वीडिशमध्ये त्यांना 'योतार' म्हणतात. 'बोर्ग' म्हणजे किल्ला, कोट. म्हणजे गोता नदीवरचा कोट. आपल्याकडे सिंधुदुर्ग, रायगड या नावांत जे घडलंय, अगदी तेच.

किल्ला का, हे तिथला सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा नकाशा पाहिला की लगेच कळतं. उत्तरेचा किनारा नॉर्वेचा, आणि नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात. दक्षिणेचा किनारा डेन्मार्कचा. पश्चिम समुद्रावर जायला स्वीडनकडे नदीच्या मुखापाशी एक चिंचोळी पट्टी तेवढी होती. नववा कार्ल या राजाने तिथेच, हिसिंगेन बेटावर, 'गोतेबोर्ग' नावाचं एक शहर वसवलं होतं. १६११ मध्ये युद्धात डॅनिश सैन्याने ते जाळलं. जवळचा एल्व्सबोर्ग किल्लाही त्यांनी घेतला. तो परत मिळवायला १६१३ च्या तहाप्रमाणे स्वीडनला दहा लाख रिक्सडालर (तेव्हाची चांदीची नाणी) खंडणी कबूल करावी लागली, आणि ती फेडायला १६१९ साल उजाडलं. तो पैसा फिटल्यावर, १६२१ मध्ये, कार्लचा मुलगा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने नदीच्या दुसऱ्या काठावर आजच्या शहराला सनद दिली. जळालेल्या शहराचं नाव त्याने तसंच ठेवलं.

तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. हे शहर एकट्या स्वीडिश लोकांनी उभारलं नाही. दलदलीच्या जागेवर कालवे खोदून शहर बसवण्याची कला डच लोकांना येत होती. राजाने त्यांना सवलती देऊन बोलावलं, आणि शहराचा आराखडा अॅमस्टरडॅमच्या धर्तीवर झाला. व्यापारात आणि नगरसभेत डच होते, जर्मन होते, स्कॉटिश होते. पहिल्या काही दशकांत तिथल्या धक्क्यावर डच आणि जर्मन भाषा कानावर सतत पडत असणार. त्या लोकांच्या तोंडी आणि कागदोपत्री शहराचं नाव 'गोथेनबुर्ग' असं झालं. 'गोथेन' हे रूप जर्मनच्या वळणाचं आणि 'बुर्ग' म्हणजे किल्लाच. इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतलं आणि आपल्या सवयीने 'गॉथेनबर्ग' म्हणायला लागले. म्हणजे 'गॉथेनबर्ग' हे कोणी साहेबाने नीट न ऐकता वाकडं केलेलं नाव नव्हे. ते शहराइतकंच जुनं आहे, आणि शहर बांधणाऱ्यांपैकी काही जणांचंच आहे. 'इंग्रजी नाव म्हणजे भ्रष्ट नाव' हा आपला समज बऱ्याच ठिकाणी खरा असतो, कारण आपल्याकडे 'पूना' आणि 'सायन' झालेलं आपण पाहिलंय. इथे तो लावू नका.

त्यातला 'थ'सुद्धा इंग्रजांचा नाही. जुन्या स्वीडिश लिखाणातही हे नाव 'त'नंतर 'ह' घालून लिहीत. १७३१ मध्ये या शहरात स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिचं शहराच्याच नावाचं एक जहाज चीनहून माल भरून परत येताना, १७४५ च्या सप्टेंबरमध्ये, बंदर दिसत असताना खडकावर आपटून बुडालं. त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधून ती २००५ मध्ये पुन्हा चीनला नेली, तेव्हा जहाजावर नाव त्या जुन्याच 'ह'वाल्या वळणाने लिहिलं. कंपनीची जहाजं बहुतेक चीनमधल्या कँटनला जात. पण १७५० साली निघालेलं एक जहाज सुरतेलाही आलं होतं, त्याच्या नावाचा अर्थ 'गोताचा सिंह'. त्यावरचे पाद्री ओलोफ तोरेन हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचे शिष्य, आणि त्यांनी त्या प्रवासाची पत्रं लिहून ठेवलीत. तुमच्या वडिलांच्या आधी सव्वादोनशे वर्षं हे 'गोता' आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं, हे मला फार आवडतं. प्रस्तावनेत एक ओळ टाकायला हरकत नाही.

एक सावधगिरी. 'गॉथेनबर्ग' पाहून तळटीपेत 'गॉथ लोकांचं शहर' असं लिहू नका. रोमन साम्राज्यावर चालून गेलेले गॉथ आणि स्वीडनचे योतार, या दोन नावांचं मूळ एकमेकांजवळचं आहे, पण म्हणून लोक तेच होते असं ठरत नाही. सतराव्या शतकातल्या स्वीडिश दरबाराला मात्र आपण गॉथांचे वंशज आहोत याचा मोठा अभिमान होता. राजाच्या बिरुदात स्वीडिश लोकांबरोबर 'गॉथांचा राजा' हे शब्द होते आणि ते १९७३ पर्यंत राहिले. आत्ताचे राजे गादीवर आले तेव्हा त्यांनी नुसतं 'स्वीडनचा राजा' एवढंच ठेवलं. परदेशी लोकांनी शहराला 'गोथेन' लावलं तर त्या दरबाराला ते खटकण्याचं काही कारण नव्हतं, असा माझा अंदाज.

इतर भाषांनी काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावरून मराठीत काय करायचं हे कळतं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'गोतेंबुर्गो' आहे, म्हणजे जर्मन रूपालाच त्यांनी आपला प्रत्यय लावला. फ्रेंचमध्ये तसलं जुनं रूप होतं, पण आता ते बहुतेक स्वीडिश स्पेलिंगच वापरतात. रशियन लोक अक्षरांवरून 'ग्योतेबोर्ग' लिहितात. आइसलँडिकमध्ये अक्षरं वाचली तर 'गाउताबोर्ग', आणि या रूपात त्या लोकसमूहाचं जुनं नाव सगळ्यांत स्पष्ट दिसतं. चिनी नाव 'गदबाओ' आहे. त्यातल्या 'बाओ'चा अर्थही किल्लाच! ध्वनीही साधला आणि अर्थही राहिला, असं क्वचित होतं. यातल्या कुठल्याही भाषेने चूक केलेली नाही. एकीने डोळ्यांनी नाव घेतलं, दुसरीने कानांनी, तिसरीने मधल्या शेजाऱ्याकडून.

आणि नाव शहराबाहेर जाऊन वेगळंच आयुष्य जगतं, त्याचंही एक उदाहरण. १८६५ मध्ये या शहरात दारूविक्री एका कंपनीच्या हाती देऊन नफ्याला मर्यादा घालण्याची पद्धत सुरू झाली. उरलेला पैसा लोकोपयोगी कामांना. ब्रिटनमध्ये ती 'गॉथेनबर्ग पद्धत' म्हणून गाजली. स्कॉटलंडच्या खाणगावांत त्या पद्धतीने चालणारे गुत्ते निघाले आणि लोक त्यांना नुसतं 'गॉथ' म्हणू लागले. अशा ठिकाणी 'योतेबोरी पद्धत' लिहिलंत तर अर्थच हरवेल. हवेच्या प्रदूषणाबद्दलचा १९९९ चा 'गॉथेनबर्ग प्रोटोकॉल' तसाच. तो त्याच नावाने ओळखला जातो.

खुद्द शहरातही एकवाक्यता नाही, हे तुमच्या भाच्याला जरूर सांगा. तिथलं विद्यापीठ इंग्रजीत आधी स्वीडिश रूप वापरायचं, ते २००८ मध्ये 'गॉथेनबर्ग'वर आलं. नगरपालिकाही परदेशी लोकांशी बोलताना 'गॉथेनबर्ग' म्हणते. फुटबॉल क्लब आणि चित्रपट महोत्सव मात्र इंग्रजीतही स्वीडिश नावच ठेवतात. एकाच रस्त्यावर दोन्ही पाट्या दिसतात आणि कोणाचं काही अडत नाही.

आता मराठी. आपण स्वतः दुसऱ्यांच्या गावांना किती सहज आपली नावं देतो ते आठवा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर. तिथले लोक इंदौर, ग्वालियर, वडोदरा, तंजावूर म्हणतात. आपल्या नावांत कुणाचा अपमान नाही, जुना संबंध आहे. परदेशी शहरांशी असा संबंध बहुतेक इंग्रजीमार्फत आला, म्हणून मॉस्को, रोम, व्हिएन्ना. वाचकाच्या नकाशात जे नाव आधीच आहे, ते मी विनाकारण हलवत नाही. गॉथेनबर्ग रोमइतकं रुळलेलं नाही हे खरं, पण ज्याने हे शहर ऐकलंय त्याने बहुधा याच नावाने ऐकलंय, आणि शोधायला जाईल तोही याच नावाने.

आणखी एक कसोटी मी नेहमी लावते, ती प्रत्ययांची. मराठीत गावाचं नाव एकटं येत नाही, त्याला 'त', 'ला', 'हून', 'चा' लागतो. प्रत्येक रूपाला प्रत्यय लावून मोठ्याने वाचा. 'गॉथेनबर्गला पोचलो', 'गॉथेनबर्गहून निघालो': जीभ अडत नाही, कारण जोहान्सबर्ग आणि सेंट पीटर्सबर्गने वाट करून ठेवलीय. 'योतेबोरीत बर्फ पडत होतं': हेही छान, अगदी आपल्याकडच्या बोरी गावासारखं. 'योहतेबोर्यहून': इथे वाचक थांबतो आणि वाक्य मोडतं. जे नाव प्रत्यय घेत नाही ते मराठीत नांदत नाही.

एकसारखेपणा का हवा, हे माझ्या एका चुकीवरून सांगते. एका प्रवासवर्णनात मजकुरात मी 'गॉथेनबर्ग' केलं होतं, पण दोन पत्रांत लेखिकेचं 'योतेबोरी' तसंच राहिलं. सूची करणाऱ्याने दोन्ही वेगवेगळी नोंदवली. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं: या दोन शहरांमध्ये अंतर किती, आणि लेखिका एका दिवशी दोन्हीकडे कशी पोचली? त्या माणसाने नकाशा पुढे घेऊन वाचलं होतं. त्याचा वेळ माझ्यामुळे वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून दोन रूपं ठेवायची असतील तर ती एकाच शहराची आहेत हे मी पहिल्या पानापासून सांगून ठेवते.

तर तुमच्या पुस्तकाबद्दल. डायरीतलं 'गोटेबर्ग' हलवू नका, एकाही ठिकाणी नाही. ते वडिलांचं नाव आहे. त्यांनी ते कसं घडवलं असेल याचा विचार करा: पाटीवर स्वीडिश अक्षरं पाहिली, 'ओ'वरची टिंबं सोडून दिली, 'त'चा इंग्रजीसारखा 'ट' केला आणि शेवटी ओळखीचा 'बर्ग' लावला. परक्या गावात एकट्या आलेल्या माणसाने पाटी वाचत वाट काढली, तो सगळा प्रसंग त्या चार अक्षरांत आहे. तुम्ही तिथे 'योतेबोरी' केलंत तर १९७४ सालच्या माणसाच्या तोंडी आजच्या भाच्याचे शब्द घातल्यासारखं होईल. डायरीत मध्येच कुठे त्यांचं रूप बदललं असेल, समजा सातव्या महिन्यात 'योते' असं काही दिसलं, तर ते आवर्जून तसंच छापा. कान उघडले ती जागा तीच असेल.

तुमची प्रस्तावना, फोटोंच्या ओळी आणि सूची यांत 'गॉथेनबर्ग' ठेवा, 'गॉ' आणि 'थे' सगळीकडे सारखं. छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याला आधीच सांगा, कारण घाईत त्याचं 'गुटेनबर्ग' होतं. मी हे एकदा कव्हरवर होताहोता वाचवलंय. सूचीत 'गोटेबर्ग, पाहा गॉथेनबर्ग' आणि 'योतेबोरी, पाहा गॉथेनबर्ग' अशा दोन नोंदी घाला. भाच्याने शेवटी काही लिहायचं ठरवलं असेल तर त्याच्या लेखात त्याला 'योतेबोरी' लिहू द्या. तो तिथे राहतो, त्याच्या कानात तेच आहे. कंपन्या आणि संस्था यांची नावं त्या स्वतः वापरतात तशीच राहू द्या. वडील बेअरिंगच्या कारखान्यात होते म्हणता, तर १९०७ मध्ये याच शहरात निघालेल्या एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा उल्लेख डायरीत असणारच. तो त्यांनी लिहिलाय तसा असू दे.

हे सगळं एका ठिकाणी सांगायला डायरीच्या पहिल्या पानाखाली एक तळटीप पुरेल. मी असती तर अशी लिहिली असती, हवी तर उचला: 'वडिलांनी डायरीत या शहराला गोटेबर्ग म्हटलं आहे आणि ते तसंच ठेवलं आहे. इतरत्र गॉथेनबर्ग हे नाव वापरलं आहे. तिथले लोक या शहराला साधारण योतेबोरी म्हणतात. तिन्ही नावं एकाच शहराची, अर्थ गोता नदीवरचा कोट.'

डायरीच्या हस्तलिखितातल्या एखाद्या पानाचा फोटोही छापा, ज्यावर हे नाव त्यांच्या अक्षरात स्पष्ट दिसतंय. 'ट' आहे की 'त' याबद्दल कुठे शंका असेल तर ते पान इथे टाका, मी बघून सांगते.